दुश्चिंता की धाकधूक? सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडी काय शोभेल?

महाल_झेंडाचौक: कुमारांसाठीच्या विज्ञान कादंबरीचा अनुवाद चालू आहे. भविष्यातलं शहर, प्रत्येकाच्या मनगटावर गुण दाखवणारा पट्टा, सोळाव्या वर्षी वर्गवारी. निवेदक मुलगी रांगेत उभी आहे, अजून काहीच घडलेलं नाही. मुळात तिथे 'अँग्झायटी' आहे. 'धाकधूक' लिहिलं होतं, संपादकांनी 'दुश्चिंता' केलं. त्यांचं म्हणणं, धाकधूक बोर्डाच्या निकालाची असते, जिवावरच्या प्रसंगाची नाही. तुम्ही काय घ्याल?

शब्दवेडी_धरमपेठ: दुश्चिंता मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातली. सर्वसाधारण चिंताविकाराचं निदान करायला किमान 6 महिने, बहुतेक दिवस, आवरता न येणारी काळजी लागते. शिवाय झोप बिघडणं, स्नायू ताठणं, चिडचिड अशा लक्षणांपैकी निदान 3. रांगेतल्या दहा मिनिटांना तो शब्द कशाला? कादंबरीत डॉक्टर असेल तर त्याच्या तोंडी ठेवा.

तर्री_पोहे: भीती समोर आलेल्याची, अँग्झायटी येऊ घातलेल्याची. अशा कादंबऱ्यांचा सगळा जीव त्या वाट बघण्यात असतो, म्हणून एकच शब्द पुस्तकभर ताणू नका. नाव पुकारण्याआधी धाकधूक. मैत्रिणीला उचलून नेलं की धसका. त्यानंतर दार वाजलं की धास्ती. कॅमेऱ्याखाली वर्षानुवर्षं जगणं ही घुसमट. हुरहूर टाळा, तिच्यात ओढ असते. काळजीही जपून, 'आईची काळजी' म्हटलं की ती आईला वाटते की आईबद्दल, हे कळत नाही.

बर्डीवाला: घुसमटीला व्युत्पत्तीचाही आधार आहे. इंग्रजी शब्द आला लॅटिन 'आंगेरे'वरून, म्हणजे गळा आवळणे. संस्कृत 'अंहस्' त्याच कुळातला, 'अंहु' म्हणजे अरुंद. आपली चिंता मात्र 'चिन्त्' धातूची, विचार करण्याची. एक गळ्यात, दुसरी डोक्यात.

गोरेवाडा_07: व्युत्पत्तीवरून अनुवाद करू नये, भाऊ. संस्कृतात 'साहस' म्हणजे बळजबरी, अविचार. मराठीत त्यालाच शाबासकी मिळते. खरी अडचण काळाची आहे. मूळ पुस्तक प्रथमपुरुषी वर्तमानकाळात असेल ('हंगर गेम्स', 2008, तसंच आहे), तर 'मला भीती वाटते' चालणार नाही. ते पालीची वाटते तसं सवयीचं होतं. चालू क्षणाला 'वाटतेय' हवं, नाहीतर आपलं नागपुरी 'टेन्शन येऊन राहिलं'. त्यात ते येणं थांबतच नाही, आणि रांगेत नेमकं तेच होतं.

शब्दवेडी_धरमपेठ: 'येऊन राहिलं' हा हिंदीचा ठसा. परक्या शहराच्या कथेत तो आला की वाचक थेट नागपुरात बर्डीवर उतरेल.

गोरेवाडा_07: आणि 'वाटतेय' वाचून सदाशिव पेठेत उतरत नाही का? 1956 पर्यंत नागपूर हिंदी-मराठी दोन्ही चालणाऱ्या राज्याची राजधानी होतं. इथल्या लाखो लोकांची रोजची मराठी अशीच आहे. तिला ठसा म्हणून बाजूला सारणं मला मान्य नाही.

तर्री_पोहे: शब्द एकदाच घ्या, बाकी शरीर लिहा, पण अचूक. श्वास जोरजोरात चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं. 'पोटात गोळा आला' इथे नको. गोळा एकदम येतो, बातमी कळल्यावर. 'जीव टांगणीला' वाट बघण्याचंच आहे, पण ते दुसऱ्याबद्दल बोलताना जास्त शोभतं.

महाल_झेंडाचौक: मुंग्या घेतो. आता मलपृष्ठावर 'डिस्टोपिया'साठी, म्हणजे अशा भयाण काल्पनिक जगासाठी, 'दुर्राज्य' छापायचं ठरतंय. चालेल?

शुद्ध_लेखणी: नाही. र् पुढे र् आला की पहिला लोपतो आणि आधीचा स्वर दीर्घ होतो. निर् + रोग नीरोग, निर् + रस नीरस. त्याच नियमाने 'दूराज्य' होईल आणि लोक 'दूरचं राज्य' वाचतील.

बर्डीवाला: राज्य हवंच कशाला? थॉमस मोर यांचा 'युटोपिया' हा ग्रंथ 1516 चा, अर्थ 'नसलेली जागा'. जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1868 मध्ये ब्रिटिश संसदेत 'डिस्टोपियन' वापरला, तोही 'टोपोस' म्हणजे जागा धरूनच. म्हणून 'दुःस्थान'.

शब्दवेडी_धरमपेठ: दुःस्थान ज्योतिषात आधीच आहे, पत्रिकेतले 6, 8 आणि 12 हे भाव. दुकानदार पुस्तक भलत्याच कप्प्यात ठेवेल.

गोरेवाडा_07: डिस्टोपियाच ठेवा. व्हायरस, रोबो चालतात, मग हा का नाही?

शुद्ध_लेखणी: मग 'कुराज्य' घ्या. 'कु'ला संधीची अडचण नाही, शिवाय शब्द मराठीत आहेच.

तर्री_पोहे: कुराज्य म्हणजे ढिसाळ, अन्यायी कारभार. या कादंबरीतला कारभार चोख आहे. पट्टे वेळेवर मिळतात, कॅमेरे बंद पडत नाहीत, वर्गवारीला एक मिनिट उशीर होत नाही. 'कु' लावला की नेमकं हेच निसटतं.