युरोपीय संघ सोडल्यावर वाईनच्या नियमांत ब्रिटनचे वजन उरले आहे का?

वेलांटी
काल 'केंटवासी' यांनी लिहिले की, ब्रिटन हा जगातील सर्वांत मोठ्या वाईन आयातदारांपैकी एक असल्यामुळे युरोपीय संघ सोडल्याने त्याचे काहीही बिघडलेले नाही, कारण "यापुढे नियम विकणारा नव्हे, विकत घेणारा ठरवील". हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

1924 मध्ये आठ देशांनी जी संस्था उभी केली आणि जी आता पॅरिसहून फ्रान्समधल्याच दीझों शहरात गेली आहे, त्या ओआयव्हीचे, म्हणजे द्राक्षवेल आणि वाईन यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, ठराव हे नुसते सल्ले आहेत असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. कागदावर ते सल्लेच आहेत. पण युरोपीय संघाची 2013 सालची 1308 क्रमांकाची नियमावली याच ठरावांना वाईन बनवण्याच्या प्रक्रियांचा आधार मानते, त्यामुळे तेथे जे संमत होते ते पुढे युरोपात कायद्याच्या अंगाने येते. संघ स्वतः त्या संस्थेचा सदस्य नाही, तरीही सदस्य देशांनी तेथे कोणती भूमिका घ्यायची हे ब्रसेल्समध्ये मंत्रिपरिषद ठरवते. याला जर्मनीने न्यायालयात आव्हान दिले होते, ब्रिटनही जर्मनीच्या पाठीशी उभा राहिला होता आणि 7 ऑक्टोबर 2014 रोजी युरोपीय न्यायालयाने जर्मनीचा दावा फेटाळला. म्हणजे अर्धी लढाई बैठकीच्या आधीच ब्रसेल्समध्ये होऊन जाते, आणि 31 जानेवारी 2020 नंतर तेथे ब्रिटनला मत नाही. ओआयव्हीचे सदस्यत्व तर त्याने ब्रेक्झिटच्या कितीतरी आधी सोडून दिले होते आणि ब्रेक्झिटनंतर ते पुन्हा घ्यावे लागले. दोन्ही दारे एकदा आपल्याच हाताने लावून घेतलेल्या देशाचे वजन वाढले, असे म्हणणे मला अजिबात पटत नाही.

केंटवासी
आपण संस्थांचा इतिहास उत्तम सांगितलात, पण वाईनचा व्यापार संस्थांच्या सभागृहात होत नाही. मी आयातीच्या कागदपत्रांचेच काम करतो, त्यामुळे आयात वाईनसोबत लागणारा व्हीआय-1 हा युरोपीय फॉर्म काय चीज आहे हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. अल्कोहोलचे प्रमाण, एकूण आम्लता, बाष्पशील आम्लता, एकूण सल्फर डायऑक्साइड असे रकाने भरायचे, त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल जोडायचा, आणि एका रकान्यात खाडाखोड झाली की माल बंदरात अडकून राहायचा. छोट्या उत्पादकाच्या थोड्याशा मालालाही तोच खर्च आणि मोठ्या कंपनीच्या कंटेनरलाही तोच. ब्रिटनने 1 जानेवारी 2022 पासून हा फॉर्म सर्वच देशांच्या वाईनसाठी रद्द केला. संघात राहून हे कधीच झाले नसते.

आणि हे वजन ब्रेक्झिटनंतर आलेले नाही. 1960 मध्ये, म्हणजे ब्रिटन युरोपीय समुदायात जाण्याच्या तेरा वर्षे आधी, 'स्पॅनिश शॅम्पेन' या नावाने वाईन विकण्याला लंडनच्या न्यायालयाने मनाई केली. शॅम्पेनच्या उत्पादकांनी तो खटला लंडनमध्ये का चालवला? कारण त्यांचा ग्राहक लंडनमध्ये होता. बाजार जिथे असतो तिथे निकष आपोआप चालत येतात.

तळटीप
केंटवासी, फॉर्म रद्द करणे आणि निकष घडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या घरात काय येऊ द्यायचे हे ब्रिटनने ठरवले, एवढाच त्याचा अर्थ. ऑस्ट्रेलियाचा किंवा चिलीचा उत्पादक टाकीत वाईन भरताना फक्त ब्रिटनचा विचार करीत नाही. जी वाईन जर्मनीतही जाणार आहे, तिच्यात सल्फर डायऑक्साइडची मर्यादा कोरड्या, म्हणजे गोडी जवळजवळ नसलेल्या, लाल वाईनला लिटरमागे 150 मिलिग्रॅम आणि पांढरीला 200 मिलिग्रॅम हीच पाळली जाते. ब्रिटनने उद्या ती बदलली तरी टाकीतला आकडा बदलणार नाही. शिवाय उत्तर आयर्लंडमध्ये वस्तूंबाबतचे अनेक युरोपीय नियम आजही लागू आहेत, म्हणजे खुद्द ब्रिटनच्याच एका भागात आपला हा 'विकत घेणारा' सगळेच नियम ठरवीत नाही.

फसफसणाऱ्या वाईनच्या बाटलीच्या तोंडावर फॉइलच्या वेष्टनाची सक्ती ब्रिटनने 1 जानेवारी 2024 पासून काढली, याचा मोठा गाजावाजा झाला. ती सक्ती युरोपीय संघाने 2023 मध्येच काढली होती.

दिंडोरीकर
ब्रिटन खुर्चीत बसला काय आणि उभा राहिला काय, आम्हा द्राक्षबागायतदारांना त्याचे काय? भारत 2011 पासून ओआयव्हीचा सदस्य आहे. येथे जे सदस्यत्वाचे गोडवे गात आहेत त्यांनी सांगावे की, या खुर्चीतून नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडले.

आमच्या घरी वडिलांनी एका वायनरीच्या करारावर विसंबून थॉमसन या खाण्याच्या द्राक्षांची चालू बाग काढली आणि वाईनच्या जातीची लागवड केली. पहिले दोन हंगाम बरे गेले. पुढे माल घेऊन गेलो की साखर कमी आहे म्हणून भाव पाडायचे, आणि एका वर्षी तर घड वेलीवर असताना फोन उचलणेच बंद केले. ही द्राक्षे बाजार समितीत कोणी घेत नाही, कारण मणी बारीक आणि बियांचा. शेवटी कुऱ्हाड लावून बाग काढली आणि कर्ज मात्र राहिले. त्या वेळी कोणता आंतरराष्ट्रीय निकष आमच्या बाजूने उभा राहिला?

वेलांटी
दिंडोरीकर, आपल्या घरावर जे गुदरले ते वाचून वाईट वाटले, पण तो दोष कराराच्या अंमलबजावणीचा आहे. त्याचे खापर ओआयव्हीवर फोडता येणार नाही. सदस्यत्वाचा लाभ वेगळ्या ठिकाणी दिसतो. आपल्याकडे 2018 पर्यंत मद्यांसाठी देशव्यापी अन्नसुरक्षा निकष नव्हते. त्या वर्षी नियमावली आली आणि 1 एप्रिल 2019 पासून लागू झाली. नाशिकच्या बाटलीला परदेशात विश्वासाने पाहिले जावे यासाठी असा पाया लागतोच.

दिंडोरीकर
विश्वास वायनरीच्या बाटलीला मिळाला, द्राक्षाला नाही. आणि निकषांचाच विषय असेल तर त्या संस्थेच्या व्याख्येत वाईन फक्त द्राक्षाची. आमच्या शेजारच्या तालुक्यात जांभळाची वाईन करणारे लोक आहेत, त्यांनी कोणत्या दारात जायचे? भारताच्या प्रतिनिधींनी तेथे जांभळाचा, करवंदाचा विषय कधी लावून धरला का?

केंटवासी
आता माझेच म्हणणे सिद्ध होत आहे. सदस्य असूनही भारताला काही साधता आले नाही, मग इतकी वर्षे बाहेर राहिल्याने ब्रिटनचे काय नुकसान झाले? अमेरिका 2001 मध्ये ओआयव्हीतून बाहेर पडली. त्याच वर्षी तिने ऑस्ट्रेलिया, कॅनडा, चिली आणि न्यूझीलंड यांच्याबरोबर एकमेकांच्या वाईन बनवण्याच्या पद्धती मान्य करण्याचा करार केला, आणि 2006 मध्ये युरोपीय संघालाही तिच्याशी स्वतंत्र करार करावा लागला.

तळटीप
अमेरिकेशी तुलना करू नका. अमेरिका स्वतः प्रचंड वाईन पिकवते आणि पितेही. ब्रिटन पितो, पण पिकवतो अगदी थोडी. आणि दिंडोरीकरांच्या दुःखाचा आपल्या युक्तिवादासाठी असा वापर करणे मला अत्यंत खटकले.

केंटवासी
मी कोणाच्याही दुःखाचा वापर केलेला नाही. आपण मुद्द्याला उत्तर द्यावे, माझ्या हेतूला नव्हे.

वेलांटी
मग मुद्द्यालाच उत्तर द्या. दक्षिण इंग्लंडमध्ये, आपल्या केंटमध्ये आणि शेजारच्या ससेक्समध्ये, फसफसणाऱ्या वाईनच्या बागा वाढत आहेत. शॅम्पेनमधल्या एका जुन्या घराण्यानेही 2017 मध्ये केंटला वेली लावल्या. यांना युरोपात माल पाठवायचा आहे. बाटलीवर घटक आणि उष्मांक सांगण्याची सक्ती करणारी युरोपीय नियमावली 2 डिसेंबर 2021 रोजी संमत झाली आणि 8 डिसेंबर 2023 नंतर तयार होणाऱ्या वाईनला ती लागू झाली. ब्रिटन संघात असता तर त्या मसुद्यावर त्याचे मत घ्यावे लागले असते. येथे विकत घेणाऱ्याने कोणता नियम ठरवला, ते सांगा.

केंटवासी
लेबलाच्या बाबतीत आपले म्हणणे मान्य करावे लागेल. आमच्याकडचे एक उत्पादक देशासाठी एक आणि युरोपसाठी दुसरे असे दोन संच छापतात, आणि त्या खर्चाबद्दल माझ्याजवळ चिडून बोलतात. निर्यातदाराचे नुकसान झाले आहे, हे मी नाकारत नाही. मात्र ब्रिटनमध्ये निर्यातदारांपेक्षा आयातदार कितीतरी जास्त आहेत आणि त्यांचा फायदाच झाला आहे, हे माझे मत कायम आहे.

तळटीप
आयातदाराचा फायदा झाला, हे मीही मानतो. पण मूळ प्रश्न प्रभावाचा होता, आणि त्यावर आपण अजून एकही उदाहरण दिलेले नाही ज्यात ब्रिटनमुळे दुसऱ्या देशाने आपला निकष बदलला.

दिंडोरीकर
ब्रिटनचे तुम्ही बघून घ्या. ओआयव्हीचे ठराव सर्वसहमतीने होतात, असे माझ्या वाचनात आले. तसे असेल तर लहान देशाचा शब्दही तेथे अडवू शकतो आणि खुर्चीला किंमत आहे, एवढे मी मानतो. मग माझे मागणे एवढेच आहे की, भारताकडून दीझोंला जे पथक जाते त्यात वायनरीवाले आणि अधिकारी यांच्याबरोबर वाईनची द्राक्षे पिकवणारा एक तरी बागायतदार असावा, आणि त्याचा खर्च सरकारने करावा.