‘रिप्लेनिश’ म्हणजे भरणे की पुन्हा भरणे?

पोथीवाचक : १६११ च्या किंग जेम्स बायबल या इंग्रजी भाषांतरात, उत्पत्ती १:२८ येथे, देव पहिल्या मानवी जोडप्याला पृथ्वी ‘रिप्लेनिश’ करण्याची आज्ञा देतो. आजच्या इंग्रजीत हा शब्द सरत आलेला साठा पुन्हा भरण्यासाठी वापरतात. त्यावरून आदामापूर्वीही पृथ्वीवर वस्ती होती व ती नष्ट झाली, असा निष्कर्ष काही जण काढतात. मला हा निष्कर्ष निराधार वाटतो. मूळ हिब्रू क्रियापद ‘माले’ याचा अर्थ भरणे इतकाच आहे. सहाच वचने आधी जलचरांना समुद्र भरून टाकण्यास सांगताना तेच क्रियापद आले आहे आणि तेथे याच अनुवादकांनी साधे ‘फिल’ लिहिले आहे. मराठी बायबलातील ‘पृथ्वी व्यापून टाका’ वाचून असा प्रश्न कोणाला पडलाच नसता.

उलटतपासणी : आपला दाखला आपल्याच विरुद्ध जातो. ‘फिल’ हाताशी असताना, शिवाय टिंडेल यांच्या १५३० च्या आणि जिनिव्हाच्या १५६० च्या इंग्रजी भाषांतरांत या जागी तोच शब्द असताना, या विद्वानांनी वेगळा शब्द घेतला तो उगाच? जलप्रलयानंतर नोहाला हीच आज्ञा मिळते (९:१) आणि तेथेही ‘रिप्लेनिश’च आहे. ओस पडलेली पृथ्वी पुन्हा भरायची, हा अर्थ तेथे नाकारता येईल काय?

पोथीवाचक : नोहाच्या प्रसंगी ‘पुन्हा’ हा अर्थ कथेतून येतो, शब्दातून नव्हे, घर रिकामे झाल्यावर ‘घर भरा’ म्हटले तरी तो येतोच. हिब्रूला ‘पुन्हा’ म्हणायचे असते तेव्हा ती अनेकदा ‘शूव’ हे वेगळे क्रियापद जोडते, जसे इसहाक बापाच्या विहिरी पुन्हा खणतो तेथे (२६:१८). शब्दनिवडीचे म्हणाल, तर या अनुवादकांना १५६८ च्या बिशप्स बायबल या आधीच्या इंग्रजी भाषांतराचा पाया धरण्याची सूचना होती आणि ‘रिप्लेनिश’ तेथे आधीच होता. एका मूळ शब्दाला सर्वत्र एकच प्रतिशब्द देण्याचे बंधन आपण पाळलेले नाही, हे त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले आहे. यशया २:६ मध्ये लोक पूर्वेकडील चालीरीतींनी ‘रिप्लेनिश’ झाले आहेत, म्हणजे पुरते भरले आहेत. त्या काळच्या इंग्रजीत ‘पुरते भरणे’ हाच या शब्दाचा रूढ अर्थ होता.

तिसरी बाजू : शब्दापुरते पोथीवाचकांचे म्हणणे मला मान्य आहे, मात्र त्यामुळे तो सिद्धांतच कोसळतो असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडचे धर्मोपदेशक टॉमस चामर्स यांनी उत्पत्तीच्या पहिल्या दोन वचनांच्या मध्ये प्रदीर्घ कालखंड मानला, तो भूगर्भशास्त्राशी मेळ घालण्यासाठी. आणि त्या मताचे समर्थक आजही भर देतात तो १:२ मधील ‘आकारविरहित व शून्य’ या वर्णनावर आणि देवाने पृथ्वी शून्य राहण्यासाठी नव्हे, तर वस्तीसाठी घडवली असे सांगणाऱ्या यशया ४५:१८ वर.

उलटतपासणी : हे मला पटते. नोहाचा दाखला मी मागे घेतो, त्याऐवजी यिर्मया ३१:२५ चा देतो. कष्टी जिवाला देव तेथे ‘रिप्लेनिश’ करतो, तेव्हा रिते झालेले पुन्हा भरण्याची छटा १६११ च्या वाचकालाही जाणवली असणार.

पोथीवाचक : जाणवली असेल, पण ती छटा ‘कष्टी’ या शब्दाने आणली आहे. क्रियापद तेथेही ‘माले’च आहे.