डिलिमिटरला मराठीत काय म्हणावं?

ऑफिसातल्या लोकांसाठी टेक्स्ट फाईल एक्सेलमधे कशी घ्यायची याचं एक पानाचं टिपण मराठीत लिहायला बसले आणि दुसऱ्याच ओळीला डिलिमिटरवर, म्हणजे ओळीचे रकाने पाडणाऱ्या चिन्हावर, अडकले. विभाजक लिहिलं तर शेजारचा म्हणतो हे भागाकारातलं काहीतरी वाटतंय, भाज्य-भाजक वगैरे. दुभाजक लिहिलं की रस्त्याच्या मधला कठडा डोळ्यापुढे येतो आणि तो दोनच भाग करतो, इथे एका ओळीचे चौदा रकाने पडतात. सीमक हा शब्द मी जन्मात कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. सुचवा काहीतरी.

---

डिलिमिटरच ठेवा की. समोरच्या खिडकीत तेच लिहिलेलं दिसणार, वाचणारा तुमचा सीमक कुठे शोधत बसणार?

---

शब्द नंतर बघू, आधी अर्थाचा घोळ मिटवा. एक्सेल स्वल्पविराम, टॅब वगैरेंना डिलिमिटर म्हणतं, लिब्रेऑफिस त्यांनाच सेपरेटर म्हणतं, पण नीट बघितलं तर ही दोन वेगळी कामं आहेत. फील्ड (एका रकान्यातला मजकूर) म्हणजे सरळ शेत धरा. दोन शेतांच्या मधे असतो तो बांध आणि एका शेताच्या चहूबाजूंनी असतं ते कुंपण. आता ही ओळ बघा:

००४२७,"खुर्ची, लाकडी",३-४

यात बांध दोनच. खुर्ची आणि लाकडी यांच्या मधला स्वल्पविराम अवतरणांच्या कुंपणाच्या आत आहे म्हणून तो बांध नाही, नुसता स्वल्पविराम. अवतरणं काढून टाका, लगेच चार रकाने होतात आणि लाकडीपासून पुढचं सगळं एक घर उजवीकडे सरकतं. पत्ते असलेल्या फायलीत निम्म्या तक्रारी याच असतात.

आणि कुंपण उघडून बंद करायचं राहिलं की बघायलाच नको, पुढचं अवतरण भेटेपर्यंतच्या सगळ्या ओळी एकाच चौकटीत जाऊन बसतात, म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं. आतच अवतरण हवं असेल तर ते दोनदा लिहायचं, असं अशा स्वल्पविरामी (सीएसव्ही) फायलींबद्दलच्या २००५ च्या आरएफसी ४१८० या टिपणात लिहून ठेवलंय, पण ते सक्तीचं नाही त्यामुळे पाळतात ते पाळतात.

---

बांध आवडला, पण टॅबचं काय करणार? तो डोळ्याला दिसतच नाही, स्पेससारखाच वाटतो. मी तर फाईल आधी नोटपॅडमधे उघडून बाणाच्या बटणाने कर्सर हलवून बघते, एकदम लांब उडी मारली की टॅब, एकेक पाऊल टाकलं की स्पेस.

शिवाय बांध कशाचा हे काँप्युटरगणिक बदलतं. ज्या देशांत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविरामच वापरतात तिथे तोच बांधाला कसा घेणार, म्हणून तिथल्या सेटिंगमधे अर्धविराम असतो. तशी फाईल आपल्याकडे डबलक्लिक करून उघडली की सगळं पहिल्याच रकान्यात कोंबलेलं दिसतं आणि लोक म्हणतात फाईल करप्ट आहे. करप्ट कुठली, बांध ओळखला नाही एवढंच!

---

मला खटकतो तो आयात. इम्पोर्टला आयात म्हटलं की बंदर आणि जकात आठवते. पण गंमत म्हणजे डबलक्लिक केलं की एक्सेल सहसा जकात घेतोच. वरच्याच ओळीत ००४२७ ची सुरुवातीची दोन शून्यं गेली, ३-४ ची तारीख झाली, आणि सोळा आकडी नंबर असेल तर शेवटचा आकडा शून्य, कारण तो पंधराच आकडे धरून ठेवतो. आणि हे नुसतं दिसण्यापुरतं नाही हो, तशीच सेव्ह केलीत तर मूळ आकडा कायमचा गेला. जनुकांच्या मार्च१, सेप्ट२ अशा नावांच्या तारखा व्हायला लागल्या तेव्हा नाव ठरवणाऱ्या समितीने २०२० मधे नावंच बदलली, मार्चएफ१ आणि सेप्टिन२ केली, एक्सेल तेव्हा काही बदलेना म्हणून!

म्हणून टिपणात उघडा आणि आत घ्या असे दोन वेगळे शब्द ठेवा. उघडा म्हणजे डबलक्लिक, ते करायचं नाही. आत घ्या म्हणजे एक्सेलच्या वरच्या मेनूतल्या डेटामधून टेक्स्ट फाईल निवडून, कोडचा आणि नंबरचा रकाना टेक्स्ट आहे असं आधी सांगून मग.

---

उघडा आणि आत घ्या, हे फारच कामाचं, तसंच लिहिते. पहिल्यांदा "बांध (खिडकीत डिलिमिटर दिसेल)" असं, पुढे नुसतं बांध. अवतरणाला कुंपण.

आता शेवटचं एक. मराठी नावं असलेली फाईल उघडली की प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याच्यामागे एक काटेरी गोल, मधेच येनचं चिन्ह, असं काहीतरी येतं. ह्या प्रकाराला काय म्हणायचं?

---

गिचमिड! दुसरा शब्द शोधूच नका. युटीएफ-८ (अक्षरं साठवायची एक पद्धत) मधे देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं असतं, एक्सेल ते तीन सुटी अक्षरं समजून वाचतो म्हणून तसं दिसतं. दुसरी वेलांटी, उकार आले की येन येतो, बघा जुळतंय का. आत घेताना फाईल ओरिजिनमधे ६५००१ युटीएफ-८ निवडा.

---

जुळलं! दुसऱ्या वेलांटीला येन आहे, पहिलीला मात्र नाही.