बोअरच्या फ्लोराईडनं वळू थंडा पडते का?

वावरातला_माणूस
राजेहो एक विचारायचं होतं. आमचं वावर पांढरकवड्याजवळ, बोअरचं पाणी मागच्या साली तपासलं त लिटरमागं 4 मिलीग्रॅम फ्लोराईड निघालं. तवापासून घरचे नळाचं पेतो पण ढोरं बोअरवरच. दोन वर्षं झाले वर्ध्याकडून चार वर्षाचा गवळाऊ वळू आणला, पयलं वर्ष एकदम झकास, यंदा गायी एकवीस दिवसांनी उलटूनच राह्यल्या, म्हणजे गाभण न राह्यता पुन्हा माजावर येते, अन् वळू नुसता हुंगते अन् उभा राह्यते. मोबाईलवर वाचलं का फ्लोराईडनं नराचे हार्मोन कमी होते. खरं हाये का मी उगाच बोअरच्या नावानं बिल फाडून राह्यलो?

लॅबवाला
वाचलं ते चूक नाही भाऊ. वृषणात लेडिग पेशी असतात, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच नावाचा हार्मोन आला की त्या कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन बनवतात, त्याला चार-पाच एन्झाइम लागतात. उंदरांना सोडियम फ्लोराईड पाजलं तेव्हा त्यातलेच काही मंदावलेले दिसले, टेस्टोस्टेरॉन घटलं की शुक्राणू कमी बनतात अन् बनलेलेही धड पोहत नाहीत. अहमदाबादला गुजरात युनिव्हर्सिटीत संशोधक चिनॉय मॅडमनी यावर कितीतरी वर्षं काम केलं, फ्लोराईड बंद करून कॅल्शियम आणि व्हिटॅमिन सी दिल्यावर बिघाड बराचसा भरूनही आला होता.

झरीवाला
थांबा थांबा, डोस पण पहा ना. उंदरांच्या बऱ्याच प्रयोगात किलोमागं रोज 10 मिलीग्रॅम सोडियम फ्लोराईड देतात, म्हणजे नुसतं फ्लोराईड साडेचार. आता वळू 400 किलोचा धरा, उन्हाळ्यात रोज 50 लिटर पेला तरी 200 मिलीग्रॅम, किलोमागं अर्धा. नऊ पट फरक झाला की हो! उंदराचं जसंच्या तसं बैलाले लावू नका.

लॅबवाला
हिशोब बरोबर आहे, पण उंदराला ते दीड-दोन महिने देतात, ढोरं वर्षानुवर्षं पितात अन् फ्लोराईड हाडात साठत जातं. सरकीची ढेप, मिनरल मिक्श्चर हेही मोजा, मिक्श्चरमध्ये रॉक फॉस्फेट (खाणीतला फॉस्फरसचा दगड) फ्लोराईड न काढता वापरलेलं असलं तर त्यातूनही जातं.

डॉक्टरभाऊ
मी ढोरांचाच डॉक्टर. आधी सांगा, गायी उलटायला लागल्या कधी? आपल्याकडं मे महिन्यात 45 च्या वर पारा जाते, वृषणाले गरमी लागली का शुक्राणूची अख्खी खेप वाया जाते अन् नवी तयार व्हायले दोन महिने लागतात, त्यामुळं उन्हाळ्याचा फटका पावसाळ्यात दिसते. ब्रुसेला, म्हणजे गाभ पाडणारा जंतू, तपासा, खुरं-गुडघे पहा. फ्लोरोसिसनं (जास्त फ्लोराईडनं होणारा दात-हाडांचा रोग) हाडं दुखत असतील त वळू चढणारच नाही, त्याले हार्मोन कशाले पायजे! खालचे समोरचे दात पाह्यले का?

वावरातला_माणूस
जूनपासून उलटून राह्यल्या डॉक्टरसाहेब. दात आत्ताच पाह्यले, घरच्या दोन गायींचे तपकिरी, पट्टे-पट्टे. वळूचे मात्र पांढरेशुभ्र! म्हणजे वळूले काई नाई ना?

डॉक्टरभाऊ
असं नाही बावा. डाग दात घडताना पडते, वासरू असताना. तुमचा वळू बहुतेक दात येऊन मग इकडं आला, म्हणून पांढरे. गायी तिथंच जन्मल्या म्हणून दिसले. वळूची लघवी तपासा, वीर्य तपासा, रक्तातलं टेस्टोस्टेरॉन पाहायचं असलं त एकाच नमुन्यावर जाऊ नका, दिवसभरात खालीवर होत राह्यते. अन् निकालाची वाट नका पाहू, आजपासून उघड्या विहिरीचं पाजा, तिचंही पाणी तपासून घ्या. आमच्या इकडं विहिरीत सहसा बोअरपेक्षा कमीच निघते.

झरीवाला
जूनपासून म्हणता त मंग उन्हानंच झालं असणार, लावा पैज.

वावरातला_माणूस
पैज नोको भाऊ, आधीच ढेपीनं कंबरडं मोडलं. विहीर आहे, दोन फर्लांगावर, उद्यापासून नेतो. लघवी दवाईच्या रिकाम्या काचेच्या बाटलीत चालन का?

लॅबवाला
काच नको, फ्लोराईड काचेशी खेळते अन् आकडा चुकतो. स्वच्छ प्लॅस्टिकची घ्या.