लिनक्स ग्रुपचा इन्स्टॉल डे ठेवायचाय, तयारी काय करावी?

प्रश्न:
आमचा छोटा लिनक्स युजर ग्रुप आहे, दर महिन्याला भेटतो पण हल्ली तेच ते चेहरे, एकजण बोलतो बाकीचे ऐकतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला ना, म्हणून जुने लॅपटॉप घेऊन या, लिनक्स टाकून देतो असा एक दिवस ठेवावा म्हणतोय. आधी काय बघून ठेवू?

उत्तर १:
बॅकअप! डेटा बाहेर काढून आणलाय याची खात्री झाल्याशिवाय पार्टिशनला (डिस्कच्या भागांना) हात लावायचा नाही, कितीही घाई असो. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क लॉक करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की (ते लॉक उघडायचा लांब नंबर) घरूनच आणायला सांगा, सिक्युअर बूटची (लॅपटॉप सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी) सेटिंग बदलली की ती मागू शकतं आणि मग सगळे अडकून बसतात.

उत्तर २:
व्हेंटॉय हे टूल वापरा, एकाच पेनड्राइव्हवर मिंट, डेबियन, फेडोरा या लिनक्सच्या सगळ्या प्रकारांच्या आयएसओ (इन्स्टॉलच्या फाइल्स) मावतात, चेकसम (फाइल नीट डाउनलोड झाली का ते कळणारा कोड) मात्र आधी तपासा. लाइव्ह बूट करून (म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून) वायफाय, आवाज, स्लीप चालतंय का ते मालकासमोरच बघायचं, मग इन्स्टॉल.

उत्तर ३:
माझ्या मते खरं काम नंतरचं आहे. प्रिंटर चालेना, मराठी कीबोर्ड सापडेना की लोक परत जुन्यावर जातात, त्यामुळे पुढच्या मीटिंगमधला अर्धा वेळ फक्त त्यांच्या अडचणींना ठेवा, भाषण वगैरे नको.

प्रश्नकर्ता:
हे भारी आहे, बिटलॉकरचं डोक्यातच नव्हतं, आमंत्रणातच लिहितो.