मदत हवी आहे: रोटॅक्स ९१२ यूएलएस, इंजिन तापलं की चार्जिंग जातं

ओझरकर
घरी बांधलेलं दोन आसनी विमान, हँगर नाशिकजवळ दिंडोरीच्या बाजूला. वीसेक मिनिटं इंजिन चाललं की व्होल्टमीटर १४.१ वरून १२.५ वर उतरतो. कधी परत चढतो, कधी नाही. गार झाल्यावर सगळं ठीक. बॅटरी लोड टेस्टला पास आहे. मेन फ्यूज, मास्टर रिले, अर्थची पट्टी तपासून झाली. रेग्युलेटरच्या (जनरेटरची वीज बॅटरीसाठी नियंत्रित करणारा भाग) कनेक्टरमध्ये 'जी'च्या, म्हणजे जनरेटरकडून येणाऱ्या पिवळ्या तारांच्या, एका खणाचं प्लास्टिक तपकिरी पडलंय. रेग्युलेटर महाग आहे, मागवायला वेळही लागतो. दोष कनेक्टरचा की रेग्युलेटरचा, हे आधी कसं पक्कं करावं?

सातपूर_वायरिंग
तपकिरी खण म्हणजे अर्धं उत्तर मिळालंच. स्टेटरच्या (जनरेटरचं स्थिर वेटोळं) दोन्ही पिवळ्या तारांतून जनरेटरचा सगळा करंट जातो. २५० वॉटचा जनरेटर, म्हणजे पूर्ण लोडवर १८ अँपिअरच्या आसपास. टर्मिनल जरा सैल झालं की तिथे रोध वाढतो, उष्णता होते, पितळेची स्प्रिंग आणखी ढिली पडते. हे चक्र आपोआप थांबत नाही.

पण 'सी' तारही बघा. रेग्युलेटर बसचा (विमानाच्या मुख्य वीजवाहिनीचा) व्होल्टेज तिच्यावरून ओळखतो. ती पूर्ण सुटली तर चार्जिंग शून्य, म्हणजे तुमच्यासारखंच लक्षण. अर्धवट सैल असेल तर उलटं होतं: रेग्युलेटरला व्होल्टेज कमी दिसतो आणि तो बसवर गरजेपेक्षा जास्त देतो. म्हणून 'सी' टर्मिनलपासून एक बारीक तार, १ अँपिअरच्या फ्यूजसह, कॉकपिटमध्ये आणा. चार्जिंग गेलं त्या क्षणी 'सी'वर बसइतकाच व्होल्टेज असेल तर 'सी' निर्दोष. मग संशय पिवळ्या तारांवर किंवा रेग्युलेटरवर.

ओझरकर
पिवळ्या तारांचा रोध साध्या मीटरने जेमतेम ०.३ ओहम येतो, त्यातून काही कळत नाही.

सातपूर_वायरिंग
कळणारही नाही. बिघाड मिलिओहमचा आहे, मीटरच्या प्रोबचाच रोध त्याहून जास्त. करंट सोडून मिलिव्होल्ट मोजायचे. इंजिन बंद, दोन्ही इग्निशन स्विच बंद, चाकांना ठोकळे. तरीही प्रॉपेलरच्या फेऱ्यात उभं राहू नका: या इंजिनात स्विचची तार तुटली तर इग्निशन चालूच राहतं.

रेग्युलेटरचा कनेक्टर काढा. दोन्ही पिवळ्या तारांच्या मादी टर्मिनलमध्ये ६.३ मिमीची नवी नर पट्टी घाला. बॅटरी प्लस, १० अँपिअरचा फ्यूज, गाडीचा ५५ वॉटचा हॅलोजन बल्ब, पहिली पिवळी, स्टेटर, दुसरी पिवळी, बॅटरी मायनस असं सर्किट करा. साडेचार अँपिअर वाहील. स्टेटरला तेवढ्याने काही होत नाही. बल्ब तापतो, प्लास्टिकपासून लांब ठेवा. आता नर पट्टी आणि क्रिंपच्या (टर्मिनल तारेवर दाबून बसवलेला जोड) मागची तार यांमधला व्होल्टेज मोजा. चांगल्या जोडावर १५ मिलिव्होल्टपर्यंत दिसेल. ५० च्या वर असेल तर टर्मिनल बाद. तार हलवून पाहा. आकडा उडत असेल तर दोष क्रिंपमध्ये. तुमचा बिघाड गरम झाल्यावरच येतो, म्हणून हेअर ड्रायर लावूनही मोजा.

द्राक्षबाग_विमान
सोबत पिवळी ते इंजिन बॉडी कंटिन्युइटीही (विजेचा थेट संपर्क) बघा. ती मुळीच नसायला हवी. असेल तर स्टेटरचं इन्सुलेशन गेलंय. आणि दिंडोरी भागात भुरीसाठी बागांवर गंधक मारतात. उघडं तांबं त्याने काळं पडतं, म्हणून टिन केलेली तारच घ्या. अर्थात प्लास्टिक तपकिरी होतं ते उष्णतेनेच, गंधकाने नाही.

ओझरकर
मोजलं. एका तारेवर ९ मिलिव्होल्ट. तपकिरी बाजूला ७०, ड्रायर लावल्यावर १३० च्या पुढे. 'सी'वर बसइतकाच व्होल्टेज आहे. बॉडीशी कंटिन्युइटी नाही. फक्त टर्मिनल बदललं तर भागेल?

सातपूर_वायरिंग
साडेचार अँपिअरला ७० मिलिव्होल्ट दाखवणारा जोड १५ अँपिअरला साडेतीन वॉट उष्णता करतो, तीही एवढ्याशा पितळी पट्टीत. त्यामुळे नुसतं टर्मिनल बदलून भागणार नाही. काळवंडलेली तार चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा. काळ्या तांब्यावर क्रिंप धरत नाही. टर्मिनल टिन केलेलं, ६.३ × ०.८ मिमी, १.५ ते २.५ चौरस मिमी तारेचं. दाबायला रॅचेट टूल, पक्कड नको. दोन दाब हवेत, एक तांब्यावर, एक इन्सुलेशनवर. सोल्डर करू नका: ते तारेच्या धाग्यांत चढतं आणि जिथे संपतं तिथे तार कंपनाने तुटते. कनेक्टरपासून ५-७ सेंमीवर तारेला क्लॅम्प द्या.

आता महत्त्वाचं. रेग्युलेटरवरची नर पट्टी टॉर्चने बघा. चमक जाऊन खड्डे पडले असतील तर त्यावर नवं टर्मिनल काही तासांत पुन्हा जळेल. मग रेग्युलेटर बदलणंच बरं. पट्टी गुळगुळीत असेल तर कनेक्टरचं घर नवं घाला, दोन्ही पिवळी टर्मिनल एकदमच बदला, रेग्युलेटरवर तापमान दाखवणारा स्टिकर लावा. ८० अंश ओलांडले तर त्याला हवा कमी मिळतेय. दहा तासांनी कनेक्टर काढून बल्बची चाचणी पुन्हा घ्या आणि दोन्ही वेळचे मिलिव्होल्ट लॉगबुकात लिहा.