मदत हवी आहे : ऐन हंगामात फुटबॉलपटूची पितृत्व रजा, क्लबचे धोरण कसे लिहावे?

१७ नोव्हेंबर २०२४

नमस्कार मंडळी,

मी मूळची कोल्हापूरची. गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये राहते आणि इथल्या फुटबॉलच्या चौथ्या पायरीवरच्या, म्हणजे लीग टूमधल्या, एका क्लबमध्ये एचआरचे काम पाहते. आमचा एचआर विभाग म्हणजे मी आणि पगारपत्रके करणारे एक गृहस्थ, एवढाच. क्लबचे नाव किंवा खेळाडूची ओळख पटेल असा तपशील अर्थातच देत नाही. प्रश्न तातडीचा आहे, कारण येत्या आठवडाभरात एक पत्र द्यायचे आहे.

आमच्या पहिल्या पसंतीच्या गोलरक्षकाच्या पत्नीला डॉक्टरांनी डिसेंबरच्या अखेरची तारीख दिली आहे. पहिलेच बाळंतपण आहे आणि दोघांचेही आईवडील दुसऱ्या देशात आहेत. इंग्लंडमध्ये नाताळचे दिवस म्हणजे फुटबॉलची सुगी. युरोपातल्या बऱ्याच लीग त्या काळात विश्रांती घेतात, आम्हाला मात्र २६ डिसेंबर ते ४ जानेवारी या दहा दिवसांत चार सामने आहेत. अशा वेळी त्याने दोन आठवड्यांची पितृत्व रजा मागितली. मॅनेजर ‘नाही’ म्हणाले नाहीत. ते म्हणाले, “दोन्ही आठवडे मे महिन्यात घे, हंगाम संपल्यावर. आता कायद्यानेही ते चालते.”

हे खरे आहे, आणि माझी अडचण नेमकी इथेच आहे. इंग्लंडमध्ये पगारी पितृत्व रजा २००३ पासून आहे. ती पूर्वी बाळ जन्मल्यापासून आठ आठवड्यांच्या आत, एक किंवा दोन आठवडे सलग, अशी घ्यावी लागे. एप्रिल २०२४ पासून ती वर्षभरात केव्हाही आणि एकेक आठवडा तोडून घेता येते. वडिलांना सोयीचे जावे म्हणून केलेली ही सुधारणा आमच्याकडे वडिलांनाच हंगामाबाहेर ढकलायला वापरली जात आहे. मे महिन्यात ते बाळ साडेचार महिन्यांचे झालेले असेल. त्या रजेला रजा म्हणता येईल, पण ज्या कामासाठी ती मागितली होती ते काम तोवर उरकलेले असेल.

व्यावसायिक फुटबॉलपटू हा क्लबचा पगारी नोकर असतो, त्यामुळे कारकुनाला लागू असलेला रजेचा कायदा त्यालाही लागू आहे. हा खेळाडू गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्याकडे आला, म्हणजे यंदा, २०२४ मध्ये, लागू असलेली २६ आठवड्यांच्या सलग नोकरीची अटही तो पुरी करतो. २०२४-२५ च्या सरकारी दराने मिळणारे १८४ पौंड ३ पेन्स हे आठवड्याचे वेतन त्याच्या पगारापुढे किरकोळ आहे, पण लीग टूमध्ये पगारही काही दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या मंडळींसारखे नसतात. त्याच्या करारात प्रत्यक्ष खेळलेल्या प्रत्येक सामन्यामागे आणि प्रत्येक विजयामागे वेगळी रक्कम आहे. चार सामने हुकले की ती गेली.

मॅनेजरांची बाजूही सांगितली पाहिजे. ते दुष्ट नाहीत. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची खिडकी ऑगस्टअखेर बंद झाली, ती १ जानेवारीला उघडेल. तोवर दुसऱ्या क्लबकडून सर्वसाधारणपणे कोणाला आणता येत नाही. राखीव गोलरक्षक एकोणीस वर्षांचा आहे आणि लीगचा एकही सामना खेळलेला नाही. हंगामाच्या शेवटी चोवीसपैकी तळाचे दोन क्लब व्यावसायिक लीगमधूनच बाहेर पडतात, आम्ही तळापासून फार वर नाही, आणि चार सामने हरले तर पहिली नोकरी जाईल ती मॅनेजरांचीच. मोठ्या क्लबला जे परवडते ते आम्हाला परवडत नाही, हे त्यांचे म्हणणे मला खोडता आलेले नाही.

मोठ्या क्लबांची उदाहरणे मी काढली आहेत. २०१७-१८ च्या हंगामात डाव्हिड सिल्वाचा मुलगा फार अकाली जन्मला, तेव्हा मँचेस्टर सिटीने त्याला स्पेनला जाण्या-येण्याची मोकळीक दिली. त्याचे बरेच सामने हुकले आणि तरीही त्या संघाने शंभर गुण मिळवून लीग जिंकली. २०१८ च्या विश्वचषकात इंग्लंडचा फेबियन डेल्फ रशियातून घरी गेला, कोलंबियाविरुद्धचा बाद फेरीतला सामना त्याने सोडला, आणि स्वीडनविरुद्धच्या सामन्याआधी तो परत संघात दाखल झाला. पण हे दोघे मैदानावर धावणारे खेळाडू होते. गोलरक्षकाचे तसे नसते. तिथे जागा एकच असते आणि ती एकदा दुसऱ्याला सापडली की सहसा परत मिळत नाही. मार्च २०२१ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा दे हेआ मुलीच्या जन्मासाठी स्पेनला गेला. मागे डीन हेंडरसनने सिटीविरुद्धच्या विजयात गोल राखला, आणि दे हेआ परतल्यावरही पुढचे काही आठवडे लीगचे सामने हेंडरसनच खेळला. आमच्या खेळाडूला हे उदाहरण तोंडपाठ आहे. त्याचा करार येत्या जूनमध्ये संपतो.

म्हणजे हक्क कागदावर आहे, पण तो मागण्याची किंमत कागदावर नाही. रजा घेतल्याबद्दल नोकराचे नुकसान करू नये असे कायदा सांगतो. परंतु संघात न घेणे हे नुकसान की मॅनेजरचा फुटबॉलविषयक निर्णय, हे कोण ठरवणार?

थोडे घरचे सांगते. माझे काका पेठेतल्या तालमीच्या संघातून खेळायचे. माझी चुलत बहीण जन्मली त्या दुपारी शाहू स्टेडियमवर अंतिम सामना होता. काका तो खेळले, जिंकले, आणि अंगावरच्या गुलालासकट दवाखान्यात पोचले. ही गोष्ट आमच्या घरात तीस वर्षे कौतुकाने सांगितली जाते आणि प्रत्येक वेळी सगळे हसतात. काकू हसत नाहीत, हे माझ्या लक्षात फार उशिरा आले.

तेव्हा माझी मदतीची विनंती अशी. खेळाडूला मेहेरबानी मागावी लागू नये, आणि मॅनेजरांनाही ऐनवेळी तोंडघशी पडावे लागू नये, असे धोरण दोन पानांत कसे लिहावे? परत आल्यावरच्या जागेविषयी काही लिहिता येते का? ज्यांनी परदेशात अशी रजा घेतली आहे, किंवा खेळाशी ज्यांचा जवळून संबंध आहे, त्यांनी कृपया लिहावे. नुकताच मुलगा झालेल्या रोहित शर्माने पर्थ कसोटीला जावे की न जावे यावर इथे आधीच बरेच धागे आहेत, म्हणून चर्चा शक्यतो फुटबॉलवरच ठेवावी.

प्रतिसाद, कोल्हापूरहून

ताई, मी तालमीच्या संघाचा गोलरक्षक होतो आणि आता मुलांना शिकवतो, म्हणून स्पष्ट लिहितो. तुमच्या काकांची गोष्ट तुम्ही आजच्या चष्म्यातून पाहता आहात. आमच्याकडे पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे. बाप बारशाला पाहुण्यासारखा जायचा. तो सामन्याला गेला नसता तर दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसून राहिला असता, कारण आत त्याला कोणी घेतलेच नसते. १९७६ मध्ये गावसकरांना मुलगा झाला तेव्हा ते दौऱ्यावर होते, २०१५ मध्ये धोनीला मुलगी झाली तेव्हा तो विश्वचषकासाठी ऑस्ट्रेलियात होता. याला कोणी क्रूरपणा म्हटले नाही.

पण तुमच्या खेळाडूच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे आणि ती मी मान्य करतो. त्याच्या बायकोला माहेर जवळ नाही. माहेरची दहा माणसे जे करायची ते तिथे त्या एकट्याला करायचे आहे. माझे मत दोन आठवडे देऊ नयेत, एक द्यावा. आणि त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला आतापासून आठवड्यातून तीन दिवस पहिल्या संघाच्या बचावपटूंबरोबर सराव द्यावा. गोलरक्षक चुकतो तो बहुधा हातांनी नव्हे, समोरच्या चौघांशी बोलणे जमत नाही म्हणून चुकतो. उद्या तुमच्या गोलरक्षकाचे बोट मोडले तरी हाच प्रश्न येणार आहे. तेव्हा मॅनेजर रजा मागणार कोणाकडे?

प्रतिसाद, बर्मिंगहॅमहून

मी नोकरीविषयक कायद्याचे काम करते, त्यामुळे तेवढ्यापुरतेच लिहिते. तुमच्या क्लबच्या वकिलाला विचारण्याला हा पर्याय समजू नये.

पहिली गोष्ट, नोकर पात्र असेल आणि त्याने सूचना वेळेत दिली असेल, तर मालकाला ही रजा नाकारता येत नाही, पुढेही ढकलता येत नाही. मे महिना सुचवण्याचा अधिकार मॅनेजरांना आहे, ठरवण्याचा नाही. रजेच्या तारखेची सूचना २८ दिवस आधी द्यावी लागते, म्हणून तुमची घाई योग्यच आहे. तारीख ठाऊक नसताना ‘बाळाच्या जन्माच्या दिवसापासून’ असे लिहिणे ग्राह्य आहे, आणि तुम्ही तसेच लिहून घ्यावे.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पितृत्व रजा बाळ जन्मण्यापूर्वी सुरूच होत नाही. म्हणजे कळा सुरू झाल्या आणि नवरा संघाच्या बसमध्ये आहे, तर त्या तासांना ही रजा लागू नाही. त्यासाठी वेगळी तरतूद आहे. अवलंबून असलेली व्यक्ती आजारी पडली, जखमी झाली किंवा प्रसूत होत असेल, तर नोकराला वाजवी वेळ काम सोडून जाता येते. तो वेळ बिनपगारी असतो, पण हक्काचा असतो. तुमच्या धोरणात या दोन्हींचा उल्लेख वेगवेगळ्या परिच्छेदांत करा, नाहीतर नेमका सामन्याच्या दिवशी गोंधळ होईल. प्रसूतिपूर्व तपासणीला सोबत जाण्यासाठीही दोन वेळा, प्रत्येकी साडेसहा तासांपर्यंत, वेळ मिळतो. सरावाच्या वेळापत्रकात तो आजच टाकून द्या.

जागेविषयी हमी लिहू नका. संघनिवड ही हमीची गोष्ट नाही आणि कोणताही मॅनेजर त्यावर सही करणार नाही. पण परतल्यानंतरच्या पहिल्या निवडीचे कारण खेळाडूला समोर बसवून सांगितले जाईल आणि त्याची नोंद ठेवली जाईल, असे लिहिता येते. कारण सांगावे लागते आहे एवढ्यानेच माणसे जपून निर्णय घेतात, असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद, गॉथेनबर्गहून

स्वीडनमध्ये आईवडिलांना मिळून प्रत्येक मुलामागे ४८० दिवस मिळतात, त्यांतले ९० दिवस प्रत्येकासाठी राखीव असतात, शिवाय जन्माच्या वेळचे दहा दिवस वेगळे. माझ्या कार्यालयात ते दहा दिवस घेऊ का, असे कोणी विचारत नाही. केव्हापासून, एवढेच विचारतात. अमेरिकेतल्या बेसबॉलचा नियमही पाहावा. तिथे २०११ पासून पितृत्व यादी आहे. खेळाडू एक ते तीन दिवस त्या यादीत जातो आणि तेवढ्या काळापुरता क्लबला त्याच्या जागी दुसरा खेळाडू घेता येतो. तीन दिवस फारच कमी आहेत, पण बदली माणसाची सोय नियमातच केलेली आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. तरीही २०१४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या डॅनियल मर्फीने दोन सामने सोडले, तेव्हा हंगामाआधीच शस्त्रक्रिया करून मूल जन्माला घालायला हवे होते, असे एका रेडिओ निवेदकाने सुनावले होते. त्याला नंतर माफी मागावी लागली.

धागाकर्तीचा प्रतिसाद, २६ नोव्हेंबर

सर्वांचे मनापासून आभार. पत्र गुरुवारी दिले. खेळाडूने स्वतःच ठरवून पहिला आठवडा जन्माच्या दिवसापासून आणि दुसरा फेब्रुवारीत घेतला आहे, कारण तोवर त्याच्या सासूबाई राहायला येऊन परत गेलेल्या असतील आणि खरी ओढाताण तेव्हा सुरू होईल. हा हिशेब आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. क्लबने दोन्ही आठवड्यांचा पूर्ण पगार मान्य केला, सामन्यामागची रक्कम मात्र मान्य केली नाही. त्यावर मी पुढच्या हंगामाच्या करारांच्या वेळी पुन्हा बोलणार आहे. ‘कारण समोर सांगावे’ हे वाक्य मॅनेजरांनी दोनदा वाचले आणि ठेवले.

कोल्हापूरहून लिहिणारे गोलरक्षक काका, तुमची सूचना मी तुमच्याच शब्दांत मॅनेजरांना सांगितली. राखीव गोलरक्षकाचा सराव कालपासून पहिल्या संघाबरोबर सुरू झाला आहे. एका आठवड्याविषयीचे तुमचे मत मात्र मला पटलेले नाही.

काल पर्थला रोहितशिवाय आपण २९५ धावांनी जिंकलो, त्यावरून मला दोन-तीन निरोप आले. तो दाखला मी क्लबमध्ये मुद्दाम वापरला नाही. जिंकलो म्हणून रजा बरोबर ठरत असेल, तर हरल्यावर ती चूक ठरेल, आणि आमचा संघ बऱ्याचदा हरतो.

एक प्रश्न अजून उरला आहे. २६ डिसेंबरचा सामना परगावी आहे, बसने जायला तीन तास लागतात. बाळ तोवर आलेले नसेल तर खेळायचे असे खेळाडूने ठरवले आहे, पत्नीचीही संमती आहे, आणि परतीसाठी वेगळी गाडी तयार ठेवणार आहोत. पण सामना चालू असताना गोलरक्षकाचा फोन ड्रेसिंग रूममध्ये कुलपात असतो. तो फोन त्या नव्वद मिनिटांत माझ्याकडे राहील असे ठरले आहे. साठाव्या मिनिटाला तो वाजला, तर मी तो कोणाच्या हातात द्यायचा आणि खेळाडूला बाहेर बोलावण्याचा शब्द कोणाचा, हे धोरणात लिहायचे राहिले आहे. कोणी असा प्रसंग पाहिला असल्यास वाक्यरचना सुचवावी.